कितव्या भाकरीला?

मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला घरंच्या घरं रानात जेवायला जातात, आणि त्या दिवशीच्या दुरडीत उंडे असतात, शेंगा-भाज्यांची भज्जी असते, गव्हाची खीर असते. आंबिलाचं बिंदगं, म्हणजे मडकं, वेगळं, ते डोक्यावर. लाटणं कुणाच्याच दुरडीत नसतं. पण यंदा हिंमतराव पाटलांच्या घरून मळ्याकडं निघालेल्या दुरडीत, बाजरीच्या उंड्यांखाली, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं एक लाटणं होतं, आणि ते तिथं आहे हे त्यांच्या बायकोशिवाय, द्वारकाबाईंशिवाय, कुणालाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या कुण्या बाईनं नेलं असतं तर गोष्ट एवढी मोठी नव्हती. चौदा वर्षांपूर्वी धाकटी सून अक्षरा, तुळजापूरच्या विष्णुपंत मास्तरांची डॉक्टर मुलगी, या घरात पहिल्यांदा चुलीपुढं बसली आणि तिनं भाकरी थापायची सोडून चक्क पोळपाटावर लाटली. द्वारकाबाई दारात उभ्या होत्या. "अगं बया, ही भाकरी हाय का चपातीची मावसबहीण?" एवढंच त्या म्हणाल्या, पण ते वाक्य त्यांच्या बेंबळी गावाहून जे निघालं ते भूमच्या बाजारापर्यंत गेलं. अक्षराचं नाव पडलं 'लाटण्याची सून'. पुढं ती आणखी तीन वर्षं शिकली, सांध्यांच्या आजाराची तज्ज्ञ होऊन परत आली, गावोगाव तिच्या दवाखान्यापुढं रांगा लागल्या. घरात मात्र ती लाटण्याचीच राहिली.

त्या शिक्षणाचंही द्वारकाबाईंना कधी कौतुक वाटलं नव्हतं. हृदयाचा डॉक्टर म्हटलं की ऐकणारा छातीवर हात ठेवतो. मेंदूचा म्हटलं की आवाज खाली जातो. आपली सून वाताची डॉक्टर आहे असं सांगितलं की पाहुणी म्हणायची, "आमच्या म्हातारीला बी हाय की वात. निरगुडीचा पाला शेकती." आता यावर सासूनं काय मिरवायचं? "वाताची डॉक्टर कसली, हिनं मलाच वात आणलाय," हे त्यांचं ठरलेलं उत्तर, आणि त्यावर बायका हसायच्याही.

दसऱ्यापासून मात्र देवानं सूड उगवायला घेतला. सकाळी उठलं की हात लाकडासारखे. मूठ वळेना, वळली तर उघडेना, बोटांच्या मुळाशी टचटच सूज. ज्या हाताच्या भाकरीवर पाची बोटं मोहोर उठवल्यासारखी उमटायची, त्या हाताला पिठाचा गोळा आवरेना. द्वारकाबाईंनी डोकं चालवलं. अणदूरच्या खंडोबाला नवस बोललाय, चंपाषष्ठीपर्यंत माझी भाकरी होताना कुणी बघायचं नाही, असं घरात जाहीर केलं, स्वयंपाकघराला आतून कडी घातली आणि दाराआड लाटणं फिरू लागलं. चंपाषष्ठी झाली, तरी नवस फिटेना.

"आई, भाकरी लई गोल व्हायलीय आताशा," धाकटा लेक कृष्णराज एकदा म्हणाला.

"नवसाची हाय. गोलच असती," द्वारकाबाईंनी विषय मिटवला.

घरात सांध्यांची डॉक्टर असताना या बाईनं तिला हात का दाखवले नाहीत, असं कुणी विचारील. ज्यानं सासू नावाचा प्राणी जवळून बघितला नाही त्यानंच विचारावं.

आज गाठ होती ती नवसाच्या पलीकडची. या घराची रीतच अशी की वेळ अमावस्येला मळ्यातल्या चुलीवर पाच भाकऱ्या कर्त्या बाईनं स्वतः थापायच्या आणि पांडवांपुढं ठेवायच्या. पन्नास माणसांचा स्वयंपाक रात्री जावाभावजयांनी मिळून केला तरी त्या पाच भाकऱ्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही. हात लागला की समजायचं, कर्ती बाई बदलली. द्वारकाबाईंनी हा मान सासूकडून घेतला त्या वेळी त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या, आणि आता त्रेसष्टाव्या वर्षी तो कुणाला द्यायची त्यांची बिलकूल तयारी नव्हती.

मळ्यात हिंमतरावांनी कडब्याची खोप उभी केली होती. आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडले होते. खोपीपुढं घोंगडीवर थोरला लेक अमरसिंह बसला होता, पुण्याहून गाडी हाकत आलेला, आणि शेजारी द्वारकाबाईंचे थोरले भाऊ ज्ञानोबा, भूमहून आलेले. ज्ञानोबांना सगळे मामा म्हणत. भाकरीचा तुकडा मोडून कुणाच्या हातची ते सांगतो, अशी त्यांची ख्याती होती. ती मुख्यतः त्यांनीच पसरवलेली होती.

"अक्षरा कुठाय?" अमरसिंहानं विचारलं.

"पारध्याच्या वस्तीवर गेलीय. येती आता," हिंमतराव म्हणाले.

"सणाच्या दिवशी बी?"

"दुखणं काय कॅलेंडर बघून येतंय व्हय?"

"तेच म्हणतो मी, आप्पा. अकरा वर्षं झाली हे चाललंय. भूमच्या बाजारी एक दिवस, अणदूरला एक दिवस, वस्तीवर एक दिवस. पुण्यातला एवढा मोठा दवाखाना स्वतःहून बोलावतोय. स्वतंत्र विभाग देतो म्हणतायत. त्यांना आज संध्याकाळपर्यंत होय का नाही ते कळवायचंय. जेवणं झाली की बसू, आणि ठरवून टाकू."

"ठरवायचंय काय त्यात? जाऊ द्या पोरीला," ज्ञानोबा म्हणाले. "मोठ्या झाडाखाली मोठी सावली."

आणि मग सगळ्यांनी द्वारकाबाईंकडं पाहिलं, कारण पुण्याचा पक्ष मुळात त्यांनीच काढलेला. गेल्या गुढीपाडव्याला त्यांनीच अमरसिंहाला फोन करून सांगितलं होतं, "हिला तिकडं न्या बाबा. लोकांचे हातपाय धरीत हिंडती गावोगाव."

द्वारकाबाईंनी पदराखाली हात आणखी आत ओढले. "पुण्याचं पाणी चांगलं न्हाय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"जड असतंय. अंगाला लागत न्हाय."

"आई, मी वीस वर्षं तेच पितोय!"

"मग बघ की, केस ऱ्हायलेत का डोक्यावर?"

कृष्णराज फिस्सकन हसला. अमरसिंहानं टक्कल चाचपलं. "पाडव्याला काय म्हणाली होतीस?"

"पाडव्याचं पाडव्याला. आज अमावस्या हाय."

हिंमतराव बायकोकडं बघत राहिले. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात या बाईनं मत बदललेलं त्यांनी एकदाच पाहिलं होतं, तेही चहात आलं घालावं की नाही यावर. त्यांना गंमत वाटू लागली. "अणदूरचा खंडोबा बी वरसातनं दीड-दोन महिने नळदुर्गला जाऊन ऱ्हातोय," ते म्हणाले. "देवाला दोन गावं चालतात. सुनंला का चालू नयेत?"

"हे बरोबर!" अमरसिंहानं ते उचललं. "दहा महिने पुणं, दोन महिने इकडं."

"उलटं!" द्वारकाबाई एवढ्या जोरात म्हणाल्या की बांधावरचं कुत्रं उठून बसलं. मग त्यांनी आवाज उतरवला. "देव दहा महिने कुठं असतोय? अणदूरला. म्हणजे इकडं. देवाच्या रीतीत उगी उलटापालट करू नये."

ज्ञानोबामामांनी बहिणीकडं बारीक डोळ्यांनी बघितलं, पण तेवढ्यात अमरसिंहाला एक जुनी गंमत आठवली. "मामा, तुम्हाला सांगतो. मागं मी तिचा एक केसपेपर बघितला. 'सुबाबाई काळे, वय पंचेचाळीस, भाकरी अकरा.' म्हटलं, अकरा भाकरी खाणाऱ्या बाईचे सांधे दुखणार नाहीत तर काय होईल!"

मामा मांडीवर थाप मारून हसले. कृष्णराज मात्र हसला नाही. बायकोच्या बाजूनं तो घरात फारसा बोलायचा नाही, आज बोलला.

"खाल्लेल्या न्हायत दादा त्या. या आजारात सकाळी सांधे किती वेळ आखडलेले असतात हे सगळ्यात आधी विचारायचं असतं. ती पहिल्यांदा वस्तीवर गेली तर जीप बघूनच माणसं पांगली. वस्तीवर जीप कधी चांगल्या कामाला आलेली न्हाय. चार खेपा झाल्यावर माणसं समोर बसली. ही विचारायली, किती मिनिटं? कुणी म्हणतंय पाच, कुणी म्हणतंय दिवसभर. शेवटी ही सुबाबाई म्हणाली, मिन्टं कुणाला ठावं, बाई? अकराव्या भाकरीला बोटं उघडत्यात. झालं. तेव्हापासून ती सगळीकडं तेच विचारते. कितव्या भाकरीला हात मोकळा होतो? दोन-तीन म्हणजे वय झालं. आठच्या वर गेलं की रक्त तपासायचं. भूमच्या बाजारातल्या बायका तिला भाकरीची डॉक्टर म्हणतात. तुम्हाला ठावं न्हाय का, मामा?"

"ऐकल्यावाणी वाटतंय," मामा पुटपुटले.

द्वारकाबाईंनी मनातल्या मनात मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. दुरडी उचलून त्या खोपीमागच्या चुलीकडं गेल्या. "पाच भाकऱ्या करती. नवसाच्या हायत. इकडं कुणी फिरकायचं न्हाय," असं जाताजाता बजावलं.

चूल पेटली होती, तवा चढला होता, काठवटीत पीठ होतं. द्वारकाबाईंनी इकडं तिकडं पाहिलं, उंडे बाजूला सारले, फडकं सोडलं, लाटणं काढलं. मग पोळपाटासाठी हात घातला आणि तो हात दुरडीतच राहिला.

पोळपाट आणलाच नव्हता.

तीन महिन्यांची लाटणारी शेवटी. छत्तीस वर्षं मळ्यात येताना काठवट घेतली की काम भागत होतं. लाटण्याला पोळपाट लागतो हे अंगवळणी पडलेलं नव्हतं. त्यांनी काठवटीतच लाटून पाहिलं. काठवटीला कडा, लाटणं कडांवर अडलं, खाली पीठ जसंच्या तसं. त्यांनी लाटणं टाकलं आणि देवाचं नाव घेऊन गोळा थापायला घेतला. दुसऱ्या थापेला मनगटातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. भाकरीचे तीन तुकडे झाले. द्वारकाबाई तशाच बसून राहिल्या. आपल्याला रडू येतंय हे त्यांना कळलं आणि त्याचा त्यांना भयंकर राग आला.

त्यातच खोपीच्या पलीकडून आवाज आला. अक्षरा आली होती आणि नवऱ्याशी हळू बोलत होती. कडब्याच्या भिंतीतून सगळं ऐकू येतं हे तिला कुठं ठाऊक!

"मी जावं म्हणतेय, कृष्णा."

"खरंच?"

"थकले रे. कामानं नाही. भूमला अनोळखी बाई येते, न बोलता दोन्ही हात माझ्या हातात ठेवते. वस्तीवर तर हात धुवून, पुसून पुढं करतात. आणि आपल्या घरात? मामांना गुडघा दाखवायला सोलापूर आठवलं. अकरा वर्षांत एक माणूस म्हणालं नाही, अक्षरा, हे बघ गं जरा. गावाला मी डॉक्टर आणि घरात लाटण्याची. मग पुण्यात काय वाईट? तिथं घर नाही, तर निदान वाईट तरी वाटणार नाही."

 सून गेली तर हे हात कुणापुढं धरायचे, ही काळजी सकाळपासून होतीच. पण पोर जातेय ती पुण्याच्या ओढीनं नाही, आपल्या चौदा वर्षांपूर्वीच्या एका वाक्यानं जातेय, हे द्वारकाबाईंना आत्ता समजलं.

"येळवशीचा वास आला म्हणून आले, माय," बांधावरून कुणीतरी म्हणालं.

पन्नाशी उलटलेली एक सडपातळ बाई उभी होती. वेळ अमावस्येला रानात आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही ही सगळ्या शिवाराची रीत, त्यामुळं हाकलायचा प्रश्न नव्हता.

"कोण गं तू?"

"सुबाबाई. वस्तीवरची. डाक्टरीणबाई चालल्या म्हणून कळलं. म्हणलं इचारावं, खरं का काय." बोलता बोलता तिची नजर काठवटीत गेली, तिथून लाटण्यावर, तिथून द्वारकाबाईंच्या हातांवर. हात झाकायला उशीर झाला होता. सुबाबाई खाली बसली. "अगं माय. हे तर माझेच हात हायत की. आधीचे."

"काय बी बोलू नगंस."

"ही गाठ, ही सूज. सकाळी पाणी ओतता येत न्हाय, झंपरचं बटण लागत न्हाय. व्हय का?"

द्वारकाबाईंनी पदर ओढून घेतला. बटणाचं तर त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"नऊ वरसांमागं मला लेकरू उचलून घेता येत न्हवतं," सुबाबाई म्हणाली. "आता बघा." तिनं दोन्ही हात पुढं केले. बोटं सरळ होती, फक्त उजवी करंगळी आत वाकलेली. "ही येवढी ऱ्हायली. उशिरा दावलं म्हणून ऱ्हायली, म्हणत्यात बाई. बाजाराच्या दिवशी एक गोळी, रोज न्हाय. एकदा म्या रोज खाल्ली तर अशा वरडल्या, अशा वरडल्या! आई बी माझ्यावर येवढी वरडली न्हवती."

तिकडून हिंमतरावांची हाक आली. "अगं, पांडव उपाशी हायत! किती उशीर?"

 सुबाबाईनं हात मांडीवर आवरून घेतले. पारध्याच्या बाईनं पाटलाच्या काठवटीला हात लावायचा नसतो हे तिला कुणी सांगायला नको होतं. बोलायचं होतं ते द्वारकाबाईंनाच. सासूनं दिलेला मान, जावांचे डोळे, ज्ञानोबाची जीभ, सगळं एकदा त्यांच्या मनातून फिरून गेलं.

"थापतीस?" त्या म्हणाल्या.

"पांडवांच्या?"

"पांडव बी रानातच हिंडत व्हते. तवा त्यांना कुण्या पाटलिणीनं वाढलं असंल?"

सुबाबाई हात धुऊन बसली. तिनं गोळा मळला आणि थापायला लागली तसा द्वारकाबाईंचा जीव हरखला. थप थप थप, काठवट फिरतेय, भाकरी वाढतेय, कड कुठं फाटत नाही. चांगल्या हाताला चांगला हात ओळखू येतो. पाच भाकऱ्या झाल्या, पाचीच्या पाची फुगल्या. द्वारकाबाईंनी लाटणं फडक्यात गुंडाळलं आणि भाकऱ्या घेऊन अशा ताठ निघाल्या जणू त्यांनीच थापल्या.

नैवेद्य झाला, हिंमतरावांनी शिवारात आंबील शिंपडली, पंगत बसली. बांधाकडेच्या बोरीखाली सुबाबाईला पान वाढलं. रीतीप्रमाणं पांडवांपुढच्या भाकऱ्यांचे तुकडे सगळ्यांना प्रसाद म्हणून वाटले. ज्ञानोबामामांनी तुकडा उलटा केला, बोटांचे ठसे पाहिले, मोडला, चघळला. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते. त्यांना ते आवडायचं.

"ह्याला म्हणत्यात हात!" मामांनी निकाल दिला. "माझ्या बहिणीचा हात. आंधळ्यानं बी वळखावा. त्रेसष्टी झाली, पण थाप बघा, जशी पंचविशीतली. आरं, ज्या घरातल्या बायांचे हात असे, त्या घरात सांध्याच्या डॉक्टरचं काय काम हाय? जाऊ द्या तिला पुण्याला. तिची गरज न्हाय हितं."

"ठरलं तर मग," अमरसिंह म्हणाला. "अक्षरा, कळवतेस ना त्यांना?"

अक्षराच्या हातात तिचा तुकडा होता. ती तो उलटसुलट करून बघत होती. चार बोटं स्वच्छ उमटलेली. पाचव्या जागी नुसता एक खड्डा, वाकलेल्या करंगळीचा. नऊ वर्षं महिन्याच्या महिन्याला जो हात आपण हातात धरतो त्याचा ठसा डॉक्टरला ओळखू येणार नाही तर कुणाला? तिनं बोरीकडं पाहिलं. मग सासूकडं पाहिलं. तुकडा तोंडात टाकला आणि फोन घेण्यासाठी पिशवीत हात घातला.

तिनं टोमणा मारला असता तर द्वारकाबाईंना सोपं गेलं असतं.  झाकली मूठ तिनं झाकलीच ठेवली होती, फक्त ती मूठ आता उघडत नव्हती हे पंगतीत द्वारकाबाईंनाच माहीत होतं.

"थांब," द्वारकाबाई म्हणाल्या. "माझा हात न्हाय तो."

"काय?" मामा.

"भाकरी म्या केलेली न्हाय. तिनं केली." त्यांनी पदराखालून हात काढला आणि सुजलेलं बोट बोरीकडं दाखवलं.

पंगतीत कुणी घास उचलला नाही. ज्ञानोबामामांचा जबडा जागच्या जागी थांबला. गालात प्रसादाचा घास, आत जाईना, बाहेर येईना. सुबाबाई पानावरून उठू लागली.

"बस गं तू," द्वारकाबाई तिच्यावर खेकसल्या. "जेवतं माणूस उठत नसतंय." मग भावाकडं वळल्या. "आणि तू रे? आंधळ्यानं बी वळखावा म्हणत हुतास न्हवं? गीळ आता. पांडवांनी खाल्लं, तू काय त्यांच्यापेक्षा मोठा लागून गेलास?"

सगळे मामांकडं बघत होते. मामांनी सगळ्यांकडं पाहिलं, भाकरीकडं पाहिलं. घास गिळला. "थाप चांगलीय," ते शेवटी म्हणाले आणि उरलेला तुकडा भज्जीत बुडवला. त्यांना तो आधी आवडला नसता तर गोष्ट वेगळी झाली असती, हेही खरं.

"मग तू का न्हाय केलीस?" हिंमतरावांनी बायकोला विचारलं. त्यांच्या आवाजातली गंमत गेली होती.

 द्वारकाबाई पंगतीतून उठल्या, अक्षरासमोर जाऊन बसल्या आणि दोन्ही हात पुढं केले. 

"अक्षरा, हे बघ गं जरा."

अक्षरानं कडब्याच्या भिंतीकडं एकदा पाहिलं. तिला कळलं. तिनं पिशवी बाजूला ठेवली आणि सासूचे हात आपल्या हातात घेतले. चौदा वर्षांत पहिल्यांदा. एकेक पेर अंगठ्यानं हलकेच दाबत गेली.

"इथं?"

"आई गं."

"इथं?"

"तिथं बी. सगळीकडंच."

"कधीपासून?"

"दसऱ्यापासनं."

"सकाळी कितव्या भाकरीला हात मोकळा होतो, आत्या?" बोलता बोलता तिनं सवयीनं पिशवीतून केसपेपर काढलाही होता.

द्वारकाबाईंनी खाली मान घातली. एवढा वेळ धरून ठेवलेलं रडू आता आलंच. "कितवी कुठली गं? एक बी थापता येत न्हाय. मोजू कशावर? लाटती मी. तीन महिने झाले. तुझ्यावाणी."

अमरसिंहाला हसू आलं होतं ते त्यानं आवरलं. कृष्णराजानं आवरलं नाही, पण तो हसता हसता डोळे पुसत होता.

"मला ठाऊक आहे," अक्षरा म्हणाली. "दिवाळीपासून. लाटलेल्या भाकरीची कड कशी असते ते मला कुणी शिकवायचं?"

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही दाखवायची वाट बघत होते. रोज सकाळी वाटायचं, आज दाखवतील. मग म्हटलं, नाहीच दाखवणार."  तिनं सासूच्या मनगटावरचा पिठाचा कण पुसला. "उद्या रक्त तपासायचं. मग औषध. करंगळी वाकायच्या आत आलात, हे बरं झालं."

"बाजाराच्या दिवशी एक गोळी. रोज न्हाय," बोरीखालून सुबाबाईनं सांगितलं.

"मला ठावं हाय गं," द्वारकाबाई म्हणाल्या. नाक पुसून त्यांनी सुनेच्या हातातल्या केसपेपरात डोकावून पाहिलं. नाव लिहिलेलं होतं, वय लिहिलेलं होतं. 'भाकरी'पुढची जागा कोरी होती. "हे कधी भरायचं?"

"तीन महिने तरी लागतील. पाडव्याला मोजू. पहिली थापलेली भाकरी माझी."

द्वारकाबाईंनी अमरसिंहाच्या गाडीकडं पाहिलं. विचारायची भीती वाटत होती, तरी विचारलं. "डब्यात घालून पुण्याला धाडू?"

अक्षरानं केसपेपराची घडी घातली.

"नको, आत्या. पोचेपर्यंत गार होईल," ती म्हणाली. "तव्यावरचीच वाढा."